मदत हवी आहे: कविता वाचणं आणि रोज लिहिणं यांचा मेळ कसा घालता?

मंडळी, रोज थोडं लिहायचं असं ठरवलंय आणि त्याआधी एक कविता मोठ्यानं वाचते. मोठ्यानंच, कारण मनात वाचताना लय निसटते. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग तोंडानं म्हटला की चौथ्या चरणाला थांबावंसं वाटतं आणि अर्थ तिथेच उमटतो. भुजंगप्रयात या वृत्तात बारा अक्षरांच्या ओळीत लघु-गुरु-गुरु (आखूड-लांब-लांब) ही चाल चार वेळा येते, ती तर अंगात भिनते. हा आनंद मला फार मोलाचा वाटतो.

अडचण पुढे आहे. लगेच लिहायला बसले की वाचलेल्या कवितेचीच लय माझ्या ओळींत उतरते. मुक्तछंद वाचला तरी त्याचं वळण येतंच. मध्ये वेळ गेला, तर लिहिण्याची ओढ ओसरते.

तुम्ही वाचन आणि लेखन वेगळ्या वेळी करता का? कविता वाचून आधी गद्यात टिपणं काढली तर उपयोग होतो का? आणि ज्या दिवशी काहीच सुचत नाही, त्या दिवशी नवं लिहिता की जुनं दुरुस्त करता? स्वतः करून पाहिलेलं सांगितलंत तर फार बरं होईल.