ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायला सर्व्हिस सेंटर 13 हजार मागतंय, जरा लवकर सांगा

वैतागवाडीकर
मंडळी, गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला टाकली होती. दुपारी ॲडव्हायझरचा फोन: "सर, ट्रान्समिशन ऑइल ड्यू झालंय, करून टाकू?" किती, विचारलं तर 13 हजार. म्हटलं हात लावू नका, आणि गाडी घेऊन आलो. तर प्रश्न साधा आहे. बदलायचं की नाही? बाहेर केलं तर कितीत होईल? गणपतीला गुहागरला जायचंय, हातात नऊ दिवस आहेत. "मॅन्युअल घ्यायला हवी होती" हे कृपा करून कोणी सांगू नका, गाडी वडिलांची आहे.

एएमटीवाला
13 हजार? लुटालूट आहे नुसती. माझ्या वॅगन आरचं गिअर ऑइल मागच्या महिन्यात बदललं, दोन हजारांच्या आत सगळं. सरळ बाहेर करा.

तेलकट हात
गाडी कुठली, साल कोणतं, किती किलोमीटर झालेत, याआधी कधी बदललं होतं? एवढं तरी लिहा. "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं येतात. वरच्या प्रतिसादातली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी ॲक्चुएटर. त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं खास तेल, नसतंच. तो हिशेब इथे लावू नका.

वैतागवाडीकर
अहो ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक. पी आर एन डी. पेट्रोल आहे. पांढरी.

सदाशिवपेठी
रंग सांगितलात ते बरं झालं. आता निदान करायला काहीच अडचण नाही.

डीएसजीप्रेमी
माझ्या ऑक्टाव्हियाला सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी (तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे. त्याला 60 हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावाच लागतो, आणि खर्च 13 च्या वरच जातो. चांगल्या गाडीला चांगलं तेल लागतं, एवढी रड कशाला?

नाक्यावरचा बंड्या
मी तर म्हणेन हातच लावू नका. आमच्या साहेबांच्या गाडीचा गिअरबॉक्स 90 हजारापर्यंत लोण्यासारखा चालत होता. ऑइल बदललं आणि महिन्याभरात गिअर घसरायला लागला. जुन्या तेलात क्लचची झिजलेली भुकटी असते, तिच्यावरच पकड टिकून असते. नवं तेल ती धुऊन काढतं.

तेलकट हात
बंड्याभाऊ, ही गोष्ट प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळते. साहेबांनी ऑइल कशासाठी बदललं होतं ते सांगा. बहुतेक वेळा गिअर आधीच घसरत असतो, म्हणून माणूस ऑइल बदलायला धावतो आणि मग आळ तेलावर येतो. भुकटीच्या जिवावर चाललेला बॉक्स तेल न बदलताही जाणारच होता, थोडा उशिरा.
मात्र एक मान्य. मशीन लावून दाबाने केलेला फ्लश आणि प्लग काढून केलेला ड्रेन-फिल, यात फरक आहे. कधीच न बदललेल्या जुन्या बॉक्सला मी फ्लश करणार नाही. ड्रेन-फिल करीन, तेही थोडं थोडं.

नाक्यावरचा बंड्या
साहेबांची गाडी व्यवस्थित चालत होती हो. मी स्वतः चालवायचो.

तेलकट हात
मग ऑइल का बदललं?

नाक्यावरचा बंड्या
थोडे झटके देत होती म्हणून.

सदाशिवपेठी
😀 पुढे चला.

वैतागवाडीकर
भांडण नंतर करा. होंडा सिटी, 2012. किलोमीटर 78 हजार. आणि हो, ती पण थोडे झटके देते, गरम झाल्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना. हे सांगायचं राहिलं.

तेलकट हात
हे पहिल्याच ओळीत हवं होतं!

सीव्हीटीकर
सिटी म्हणजे सीव्हीटी, गिअरऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक. त्याला होंडाचं सीव्हीटी तेल एचसीएफ-2 च घालायचं, दुसरं काहीही घातलंत तर बेल्ट गेलाच म्हणून समजा. आणि सीव्हीटीत गिअरच नसतात, त्यामुळे "दुसऱ्यावरून तिसऱ्यावर" हा तुमचा भास आहे.

तेलकट हात
2014 च्या सिटीसाठी तुमचं बरोबर आहे. पण 2008 च्या शेवटी आलेल्या मॉडेलला पाच गिअरचा नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा) ऑटोमॅटिक होता, स्टिअरिंगमागे गिअर बदलायचं पॅडल असलेला. त्याआधीच्या सिटी झेडएक्सला सीव्हीटी होता, नंतर 2014 ला पुन्हा सीव्हीटी आला. मधलं पिल्लू वेगळं. यांच्या गाडीला होंडाचं एटीएफ डीडब्ल्यू-1 लागतं. एचसीएफ-2 यात घालायचं नाही, आणि हे सीव्हीटीत घालायचं नाही.
वैतागवाडीकर, झटके खरे आहेत, भास नाही.

सीव्हीटीकर
ओके, 2012 कडे लक्ष नव्हतं. पण वाक्य खरंच आहे, 2014 च्या सिटीच्या सीव्हीटीवाल्यांनी एचसीएफ-2 च घाला.

शब्दवेल्हाळ
ट्रान्समिशनला "गतिपेटी" म्हणता येईल का? "गिअर" ला "दंतचक्र" आहेच.

सदाशिवपेठी
म्हणता येईल. मग नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जाऊन "गतिपेटीचं तेल द्या" म्हणा आणि काय मिळतं ते इथे कळवा.

गुहागरची
गणपतीला येताय तर कुंभार्ली घाटाचा रस्ता आत्ताच विचारून ठेवा. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर करत आलात की घाट उतरून चिपळूण. वरंध्याच्या वाटेला पावसात जाऊ नका, कधी बंद असेल नेम नाही. आणि घाटात ऑटोमॅटिक नुसती डी वर सोडून ब्रेक दाबत उतरू नका हं. पॅडलने खालचा गिअर धरा. आमच्या भावजींचे ब्रेक मागच्या वर्षी वास मारायला लागले होते.

वैतागवाडीकर
ताई, रस्ता माहीत आहे, माझं आजोळच तिकडचं. ऑइलचं सांगा कोणीतरी.
बॉनेट उघडून तेल मोजायची दांडी काढून बघितली. तेल काळंकुट्ट आहे. संपलं का सगळं?

जर्सीकर
काढलेल्या दांडीची मूठ नारिंगी होती का?

वैतागवाडीकर
हो.

जर्सीकर
ती इंजिन ऑइलची. 😀 एटीएफची दांडी वेगळी असते, खाली गिअरबॉक्सवर, वाकून हात घालावा लागतो. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि साधारण एक ते दीड मिनिटाच्या आत दांडी काढून बघा. कापडाने पुसून परत घालून मग वाचा. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब सोडा. नवं तेल लालसर असतं. तपकिरी झालं असेल तर जुनं झालंय. काळं आणि करपल्याचा वास येत असेल तर काळजीचं.
तुम्हाला दांडी आहे हे नशीब समजा. माझ्या कॅमरीला दांडीच नाही. मी घरच्या घरी ड्राइव्हवेत ऑइल बदललं, जेवढं निघालं तेवढंच मोजून भरलं आणि खूष झालो. पण त्या बॉक्सची पातळी तेल ठरावीक तापमानाला आणून ओव्हरफ्लोच्या प्लगमधून तपासायची असते. मी ते केलं नाही. आधीपासूनच तेल थोडं कमी होतं, ते तसंच कमी राहिलं. शेवटी वाचवायला गेलेले पैसे डीलरकडेच नेऊन दिले, वर शनिवारही गेला.

डीएसजीप्रेमी
म्हणूनच म्हणतो, डीलरकडेच करा.

एएमटीवाला
म्हणूनच म्हणतो, एएमटी घ्या.

तेलकट हात
वैतागवाडीकर, एस्टिमेटची प्रत आहे ना? त्यातली एकेक ओळ इथे टाका. 13 हजार हा आकडा नुसता बघून कोणालाच काही कळणार नाही.

वैतागवाडीकर
फोनवर आलंय. घ्या:
एटीएफ 8 लिटर 6,400
लेबर 1,800
ड्रेन वॉशर 40
इंजिन फ्लश 650
इंजेक्टर क्लीनर 550
थ्रॉटल बॉडी क्लीनिंग 1,100
एसी डिसइन्फेक्शन 1,400
अलाइनमेंट बॅलन्सिंग 1,100
सगळं जीएसटी धरून.

सदाशिवपेठी
बेरीज 13,040. म्हणजे तुम्हाला ट्रान्समिशन ऑइलचे 13 हजार कोणी सांगितलेच नव्हते. शेवटच्या पाच ओळींचे 4,800 आहेत आणि त्यांचा गिअरबॉक्सशी काडीचाही संबंध नाही.

वैतागवाडीकर
फोनवर तो एवढंच म्हणाला, ट्रान्समिशन ऑइल वगैरे धरून 13.

सदाशिवपेठी
त्या "वगैरे"चेच 4,800.

नाक्यावरचा बंड्या
आणि 8 लिटर कशाला? या गाडीत अडीच लिटर बसतं. बघा, लुटतायत की नाही!

तेलकट हात
इथे मात्र मी सर्व्हिस सेंटरच्या बाजूने आहे. प्लग काढला की साधारण अडीच लिटरच निघतं, कारण बाकीचं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहतं. एकूण सहाच्या आसपास धरा. म्हणजे एका वेळी 42 टक्केच तेल नवं होतं. दोनदा केलं तर 66, तिसऱ्यांदा 80. 8 लिटर म्हणजे त्यांनी तीन वेळा ड्रेन-फिल धरलंय. मध्ये थोडी गाडी फिरवायची, सगळे गिअर पडू द्यायचे, की नवं-जुनं मिसळतं आणि मग पुन्हा काढायचं. ही पद्धत योग्यच आहे, मशीनच्या फ्लशपेक्षा मला तरी हीच पटते. त्यांनी ते समजावून सांगायला हवं होतं, एवढंच.
आता महत्त्वाचा प्रश्न राहिला. याआधी कधी बदललं होतं? वडिलांची गाडी आहे म्हणता, तर फाइल असेलच.

वैतागवाडीकर
बाबांना विचारतो. त्यांच्याकडे 1987 च्या स्कूटरची पण फाइल आहे.

सीव्हीटीकर
एक पर्याय: नाना पेठेतून मल्टी-व्हेइकल एटीएफ घ्या, डब्यावर वीस गाड्यांची नावं असतात. निम्म्या किमतीत.

तेलकट हात
दोन दिवसांपूर्वी तुम्हीच "दुसरं काहीही घातलं तर बेल्ट गेला" म्हणत होतात ना?

सीव्हीटीकर
ते सीव्हीटीचं. हा टॉर्क कन्व्हर्टर आहे.

तेलकट हात
याला पण क्लच आहेत, आणि गिअर किती अलगद बदलायचा ते त्या तेलाच्या घर्षणगुणावरच ठरतं. आधीच झटके देणाऱ्या बॉक्सवर प्रयोग कशाला? लिटरमागे तीन-चारशे वाचवून झटका गेला नाही, तर दोष तेलाचा की बॉक्सचा हे कधीच कळणार नाही. बाहेर करायचं तर खुशाल करा, पण डबा होंडाच्या पार्ट्स काउंटरवरून सीलबंद घ्या आणि मेकॅनिकसमोर फोडा. काढलेलं तेल भांड्यात मोजायला लावा, प्लगचा वॉशर नवा घाला. जुनं तेल गटारात ओतू देऊ नका, गॅरेजच्या पिंपात जाऊ दे.

ईव्ही आबा
विकून टाका आणि इलेक्ट्रिक घ्या. ना क्लच, ना पाच गिअर, ना ही भांडणं.

जर्सीकर
आबा, तिच्यातही रिडक्शन गिअर असतो आणि त्यातही तेल असतं. 🙂

ईव्ही आबा
असू दे. धागा तरी निघत नाही त्यावर.

वैतागवाडीकर
फाइल सापडली. बाबांनी 2017 मध्ये 38 हजारांवर एटीएफ बदललेलं आहे, बिल पिनने लावलेलं. म्हणजे एवढ्यात 40 हजार किलोमीटर आणि बरीच वर्षं झाली. खरी दांडी पण सापडली (हात खरचटला). टिश्यूवर गडद तपकिरी, करपल्याचा वास नाही. पातळी दोन खुणांच्या मध्ये.

तेलकट हात
उत्तम. मग "कधीच न बदललेल्या बॉक्सला हात लावू नका" हा वाद तुमच्यासाठी संपला. घाटाआधीच बदला, चढावर त्या तेलालाच सगळ्यात जास्त ताप होतो. तीन वेळा परवडत नसेल तर दोनदा करा. आणि काढलेला ड्रेन प्लग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याला चुंबक असतो. करडी, मलमासारखी पेस्ट दिसली तर ठीक. चकत्या किंवा तुकडे दिसले तर गुहागरला एसटीने जा.

नाक्यावरचा बंड्या
मी अजूनही म्हणतो, हात लावू नका.

वैतागवाडीकर
अपडेट. परत सर्व्हिस सेंटरलाच गेलो. सांगितलं, खालच्या पाच ओळी खोडा, तेल 5 लिटर, दोनदा ड्रेन-फिल, मी बे मध्ये गाडीजवळ उभा राहणार. उभं राहायला नाही म्हणाले, इन्शुरन्सचं कारण. काचेतून बघा म्हणाले. बघितलं. प्लग मात्र माणूस स्वतः बाहेर आणून दाखवून गेला. करडा चिखल, तुकडे नाहीत. लेबर 1,200 वर आणलं. तेल 4,000, लेबर 1,200, वॉशर 40, एकूण 5,240. मधली फेरी त्यांच्याच माणसाने मारली, मी बाजूला बसलो होतो.
झटका बराच कमी झालाय. पूर्ण गेलेला नाही, ट्रॅफिकमध्ये कधीतरी जाणवतो. परवा पहाटे निघतोय. एक लिटरचा डबा डिकीत ठेवू का?

तेलकट हात
नको. ज्याला दांडी कुठली ते माहीत नव्हतं त्याने घाटात तेल ओतू नये. परत आल्यावर तिसरं ड्रेन-फिल करा, तेवढाही झटका राहिला तर मग सोलेनॉइड (गिअरबॉक्समधले तेलाचे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि इंजिन माउंट तपासायला सांगा.

गुहागरची
आलात की कळवा. मोदक आमच्याकडे.

स्कूटरताई
धागा वाचला, छान माहिती. माझी ॲक्टिव्हा पण ऑटोमॅटिकच आहे. तिलाही हेच 8 लिटर लागेल का?