बारावी आर्ट्सनंतर लॉ करायचंय, पण 'कायदा आणि समाज' असं शिकायचंय. कुठला कोर्स घेऊ?

बार्शीची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी बारावी आर्ट्सला आहे, मराठी मिडियम, बार्शी तालुका, ओबीसी. अकरावीपासून समाजशास्त्र आवडतंय आणि घरात चुलत्यांबरोबर जमिनीच्या वाटणीचा दावा चालू आहे, तारखेला पप्पांसोबत जाऊन बसते, त्यामुळे कोर्ट पण बघितलंय. मला असं काहीतरी शिकायचंय की कायदा असून पण लोक त्याचा उपयोग का करत नाहीत, आत्याने वाटा मागितला की सगळं गाव तिलाच का नावं ठेवतं, असले प्रश्न. बाहेरच्या देशात लॉ अँड सोसायटी अशी डायरेक्ट डिग्री असते असं वाचलं, आपल्याकडे आहे का? की पाच वर्षांचं लॉच करायचं? राज्याची सीईटी देऊ की राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट? इंग्रजी कच्चं आहे माझं, खोटं कशाला सांगू. आणि एक सर म्हणाले तीन वर्षांनी बाहेर पडलं तरी डिग्री मिळते, ते खरं का? घरचे म्हणतायत डी.एड. कर नाहीतर भरतीची तयारी कर. दादा ताई प्लीज सांगा.

काळा_कोट_पांढरी_बँड

मी सोलापूर साईडलाच वकिली करतो, दिवाणी जास्त. तुझा प्रश्न आवडला, नाहीतर इथे रोज 'वकिलाला महिन्याला किती सुटतात' एवढंच विचारतात.

त्या नावाची वेगळी डिग्री शोधत बसू नकोस, आपल्याकडे ते पाच वर्षांच्या लॉमध्येच मुरलेलं आहे. पुण्यात पूर्वी या कोर्सला बीएसएल एलएलबी म्हणायचे, बीएसएल म्हणजे सामाजिक-विधी शास्त्राची पदवी, आता तिथे बीए एलएलबी झालंय. मुंबई विद्यापीठात बीएलएस एलएलबी. नाव काही असू दे, पहिल्या दोन वर्षांत राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास असले पेपर असतात आणि हळूहळू कायदा वाढत जातो.

आता ते तीन वर्षांचं. तुझ्या सरांनी जुन्या काळातलं ऐकलेलं असणार. बार कौन्सिल, म्हणजे वकिलीचं आणि लॉच्या शिक्षणाचं नियमन करणारी संस्था, तिच्या 2008 च्या नियमांत 13 नंबरचा नियम आहे, पाच वर्षांच्या जोड-पदवीचे तुकडे करून मधेच डिग्री देऊन बाहेर काढायचं नाही आणि मधूनच कुणाला आत पण घ्यायचं नाही. तरी काही ठिकाणी तीन वर्षांनंतर पहिली पदवी मिळते असं पोरं सांगतात, पण त्या भरवशावर घुसू नकोस. 'नाही जमलं तर तिसऱ्या वर्षी सोडून एमपीएससी करीन' असा प्लॅन असेल तर कॉलेजकडून आधी लेखी घे. तोंडी कोणी काही पण सांगतं.

परीक्षेचं. सीईटीला पूर्वी 150 प्रश्न असायचे आता 120 आहेत, वेळ दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतून पण असतो, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटला पण 120 प्रश्न दोन तास, पण सगळं इंग्रजी, लांबलचक उतारे, आणि चुकलं की पाव मार्क कट. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटने भरतात. क्लॅट डिसेंबरात होते, सीईटी बोर्डाच्या परीक्षेनंतर, म्हणजे दोन्ही देता येतात. पण विधी विद्यापीठाची फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला लाखांत जातं ते घरी आधी बोलून घे. तुझ्या जागी मी असतो तर सीईटीवर जोर दिला असता.

बारावीला ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42, एससी एसटीला 40 एवढी किमान अट आहे. ती तुला अवघड नाही. खरी मारामारी सरकारी आणि अनुदानित कॉलेजच्या सीटसाठी असते.

फाईल_घेऊन_ये

मी वकील नाही, पण मागच्या वर्षी मुलीचं अ‍ॅडमिशन केलंय म्हणून फक्त कागदांचं सांगतो. कारण पोरं मार्कांवर नाही कागदांवर मार खातात.

जात पडताळणी आत्ता टाक. आजच. बारावीत असताना कॉलेजमार्फत फॉर्म जातो, तुमचा क्लार्क म्हणेल आर्ट्सवाल्यांना कशाला लागतंय, ते सायन्सवाल्यांना लागतं. त्याचं ऐकायचं नाही, लॉ हा प्रोफेशनल कोर्स आहे, व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, लागते. प्राचार्यांच्या सहीचं पत्र, वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या नोंदी, हे सगळं गोळा करायला वेळ जातो. आमच्या वेळी आजोबांच्या दाखल्यावर आडनाव वेगळं निघालं, आजोबांच्या वेळच्या मास्तरांनी आडनावाच्या जागी गावाचं नाव घातलेलं, त्याचं अ‍ॅफिडेव्हिट करता करता राऊंड संपायला आला होता.

नॉन क्रिमिलेअर 31 मार्चला संपतं, त्यामुळे तुझ्या अ‍ॅडमिशनच्या वर्षात चालणारं आहे ना ते बघून घे. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला सेतूत टाकून ठेव, निकाल लागल्यावर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी सांगत नाही ते. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, पूर्ण. पण अ‍ॅडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेलं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की गेलं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दरवर्षी फॉर्म भरायचा, बँक खातं आधारला लिंक. खासगी आणि अभिमत विद्यापीठाला हे लागू नाही, त्यामुळे चकचकीत ब्रोशर घेऊन कोणी दारात आलं तर पहिला हाच प्रश्न विचार.

बांधावरचा_समाजशास्त्री

थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका वकीलसाहेब. मी सिनिअर कॉलेजला समाजशास्त्र शिकवतो. पोरीने विचारलेले प्रश्न वाचले तर ते निम्म्याहून जास्त आमच्या विषयाचे आहेत. तिने तीन वर्षं समाजशास्त्रात बीए करावं, नीट वाचावं, गावात फिरावं आणि मग तीन वर्षांचं एलएलबी करावं, त्याची सीईटी वेगळी असते आणि त्यालाही पदवीला 45 टक्केच लागतात. एक वर्ष जास्त जातं, मान्य. पण पाच वर्षांच्या कोर्सला समाजशास्त्राचे मोजके पेपर, तेही गाईडवरून पास होण्यापुरते. आणि अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी चुकीचा वाटला तर बीएवाल्याच्या हातात वर्षभरात डिग्री असते, इथे तर वर वकीलसाहेबांनीच सांगितलं की मधून बाहेर पडायचा दरवाजा धड उघडत नाही.

नाव_काय_ठेवू_कळेना

सर तुमचं पटतं पण पूर्ण नाही 😄 मी पुण्यात चौथ्या वर्षाला आहे, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेली, मराठी मिडियमच.

गाईडवरून पास होतात हे शंभर टक्के खरंय. पहिल्या दोन वर्षांत पोरं म्हणतात अरे हे तर बीएचंच आहे, खरा कायदा तिसऱ्या वर्षापासून, आणि तिथेच बॅकलॉग साचतो, मग चौथ्या वर्षी दिवाणी प्रक्रिया आणि पुरावा कायदा डोक्यावर असताना शेजारी पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राची एटीकेटी घेऊन बसलेले असतात. आमच्या बॅचला जे गळाले ते अवघड विषयांनी नाही, असल्या 'सोप्या' पेपरांनी गळाले.

पण दोन्ही एकत्र शिकण्याचा फायदा सांगते. आम्हाला दुसऱ्या वर्षी एका मॅडमनी मथुरा केस शिकवली. 1972, देसाईगंज पोलीस चौकी, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, मथुरा नावाची आदिवासी मुलगी, बलात्काराची केस, आरोपी दोन पोलीस. सेशन कोर्टाने सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती. मॅडमनी निकाल आधी नुसता वाचायला दिला आणि विचारलं यात न्यायाधीशांनी 'चांगली बाई कशी वागते' हे कुठून आणलं, कायद्याच्या कुठल्या कलमात आहे ते दाखवा. वर्गात कुणालाच सापडलं नाही. मग 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र वाचलं, त्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 ला कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या अशा केसमध्ये बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्ट ते धरून चालेल असं आलं. बार्शीची_पोर, तुला जे शिकायचंय ते हेच आहे गं. आणि हे नुसत्या समाजशास्त्राच्या वर्गात निकालपत्र हातात न घेता एवढं कळलं नसतं, नुसत्या कायद्याच्या वर्गात तर कलम पाठ करून पुढे गेलो असतो.

इंग्रजीचं सांगते. पहिलं सेमिस्टर रडवतं. निकालातली वाक्यं पानभर लांब असतात. मी एका बाजूला संविधानाची सरकारी मराठी आवृत्ती आणि एका बाजूला इंग्रजी ठेवून कलम कलम वाचायचे, आणि भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे तो वापर. काही विद्यापीठांत उत्तरं मराठीत लिहायची मुभा असते, ती कॉलेजात विचार, पण सोय आहे म्हणून वाचन मराठीपुरतंच ठेवू नकोस, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचे मूळ निकाल इंग्रजीत असतात.

हजेरी विषयवार 70 टक्के लागते, फारच अडचण असेल तर 65 पर्यंत सवलत. आणि पाच वर्षांत मिळून किमान 20 आठवडे इंटर्नशिप, एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. मोठ्या फर्मच्या मागे लागू नकोस पहिल्या वर्षी, तालुक्याच्या कोर्टात बस. आणि बाई जुनी पुस्तकं घेऊ नकोस!! अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड स्वस्त मिळतात म्हणून पोरं आयपीसीची घेतात, 1 जुलै 2024 पासून नवे तीन कायदे आलेत, भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम. कलमांचे नंबर सगळे बदलले.

बांधावरचा_समाजशास्त्री

तुमच्या मॅडम सगळीकडे नसतात एवढंच म्हणतो 🙂 पण उदाहरण चोख दिलंत. पोरी, मग एक कर, पाच वर्षांचं घेतलंस तर पहिल्याच वर्षी एक प्रश्न धर आणि पाच वर्षं सोडू नकोस. उदाहरणार्थ सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला 2016 चा कायदा. जात पंचायतीने वाळीत टाकलेला माणूस तक्रार द्यायला पुढे का येत नाही, आला तर साक्षीदार गावातूनच आणायचा, तो कोण होणार. किंवा तुझ्या आत्याचाच प्रश्न घे, 2005 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क आला, तरी तलाठ्याकडे हक्कसोडपत्राच्या नोंदी येतात त्या कुणाच्या असतात बघ. सह्या बहिणींच्या असतात. का करतात, माहेर तुटेल म्हणून करतात की माहीतच नसतं, हे विचारत फिर. यावर पुढे एमए, एलएलएम काही पण करता येईल.

बार्शीची_पोर

बापरे एवढं सगळं 🙏🙏 पडताळणीचं उद्याच कॉलेजात विचारते. पप्पांना फी माफीचं वाचून दाखवलं तर म्हणाले बघू, म्हणजे आमच्यात हो असतं ते. आत्याचं वाचून आई गप्पच बसली, तिने पण सही केलेली आहे. एक शेवटचं, मला कोर्टात उभं राहून वकिली करायची की नाही अजून माहीत नाही, संस्थेत किंवा संशोधनात जावं वाटतं, मग सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायची का? आणि जज्ज व्हायचं म्हटलं तर?

काळा_कोट_पांढरी_बँड

सनद काढून ठेव. सुप्रीम कोर्टाने 2024 ला निकाल दिलाय की नोंदणी फी जनरलला 750 आणि एससी एसटीला 125 च्या वर घेता येत नाही, आधी राज्याराज्यांत हजारांत घ्यायचे. त्यानंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा, मराठीत पण देता येते, बिनटिपणाची कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, अभ्यास केलेल्याला अवघड नाही. फक्त एक, पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीस तर सनद तेवढा काळ स्थगित करून ठेवावी लागते, तसं बार कौन्सिलला कळवायचं, नाहीतर पुढे लफडं होतं.

जज्जचं, मे 2025 पासून परत तीन वर्षं वकिलीची अट आलीय, कॉलेजातून थेट परीक्षा देऊन न्यायाधीश होण्याचा रस्ता बंद. म्हणजे कोर्ट चुकत नाही तुला. आणि इंग्रजीची एवढी धास्ती घेऊ नकोस, जिल्हा आणि तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत (दाव्याला समोरच्याने दिलेलं लेखी उत्तर), उलटतपासणी सगळं मराठीत चालतं. शहरातनं इंग्रजी मिडियमची पोरं येतात माझ्याकडे ज्युनिअर म्हणून, त्यांना साधा सातबारा वाचता येत नाही, फेरफार म्हणजे काय विचारतात.

पुढच्या तारखेला पप्पांबरोबर गेलीस की तुमच्या वकिलांकडून दाव्याची आणि कैफियतीची नक्कल मागून घे आणि दोन्ही वाच. कोण कुणाला कुठल्या नात्याने वाटेकरी धरतंय आणि आत्याचं नाव दाव्यात प्रतिवादी म्हणून आहे की गाळलंय ते बघ, आणि काय दिसलं ते इथे टाक. चुलत्यांची नावं गावं टाकू नकोस फक्त.