दूधवाला दारात यायचा!
या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की लंडनच्या उपनगरातल्या मुलांनी दूध पाहिलं ते थेट दुकानातल्या फ्रीजमध्येच. आमच्या पिढीपुरतं तरी हे खरं नाही. सत्तरच्या दशकात लंडनच्या हॅरो उपनगरात आमच्या दारात रोज पहाटे काचेच्या बाटल्या यायच्या. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची घरघर आणि बाटल्यांची किणकिण ऐकली की मी उठायचे. कडाक्याच्या थंडीत दूध गोठून साय वर यायची आणि पातळ अ‍ॅल्युमिनियमचं बूच टोपीसारखं उचललेलं असायचं.

त्या बुचाला भोक पाडून साय खाणारे पक्षी मात्र इथे कुणाच्याच आठवणीत आलेले नाहीत. ब्लू टिट, चिमणीपेक्षाही लहान. १९२१ मध्ये साउदॅम्प्टनजवळ ही सवय पहिल्यांदा नोंदली गेली आणि पुढे देशभर पसरली. आईला त्या सायीची फार काळजी, कारण आमच्याकडे तूप त्यातूनच व्हायचं. म्हणून रात्री रिकाम्या बाटल्यांबरोबर ती दोन स्टीलच्या वाट्या ठेवायची आणि दूधवाला न विसरता त्या भरलेल्या बाटल्यांवर पालथ्या घालून जायचा. बुचाच्या रंगावरून दुधाचा प्रकार कळायचा; लाल बुचाच्या दुधावर साय धरायची नाही, म्हणून आम्ही रुपेरी बुचाचं घ्यायचो. सणासुदीला सोनेरी, जर्सी गाईंचं. विरजण लागायचं वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या घड्यांमध्ये. तूप कढवल्यावर उरलेली बेरी साखर घालून खायची, आणि त्यासाठी मी शाळेतून पळत यायचे.