व्हाइस सिटीतला मिस्टर मॅजिक खरा होता का?

गचाळ_गेमर: जीटीए व्हाइस सिटी गेममधे गाडी ढापली की मी पहिलं वाइल्डस्टाइल रेडिओ स्टेशन लावायचो. त्यात मधे मधे बडबडणारा मिस्टर मॅजिक हा गेमवाल्यांनी बनवलेला की असा कुणी खराच डीजे होता?

टेपवेडा: खराच रे, आणि गेममधला आवाज पण त्याचाच. जॉन रिवास, न्यूयॉर्कचा. १९७९ ला डब्ल्यूएचबीआय वर सुरू झाला, ते स्टेशन म्हणजे पैसे भरा आणि वेळ घ्या असला मामला, म्हणजे रॅप वाजवायला हा स्वतःच्या खिशातून द्यायचा कारण मोठी स्टेशनं तेव्हा रॅपला विचारत पण नव्हती, ते पार्कातल्या पार्ट्यांत नाहीतर हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर ऐकायचं. मग १९८२ ला डब्ल्यूबीएलएसने त्याला घेतलं, शोचं नाव रॅप अटॅक, मोठ्या कमर्शियल स्टेशनवर नुसतं रॅप वाजवणारा पहिला शो हाच. त्याच वर्षी हूडिनी या रॅप ग्रुपने त्याच्यावर गाणं पण काढलं.

खडूस_काका: माणूस भारी पण जाम फटकळ. पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपचं गाणं ऑन एअर धुतलं, तर त्या पठ्ठ्यांनी त्याचंच बोलणं उचलून आपल्या अल्बमात टाकलं 😂

गचाळ_गेमर: तो डीजे मार्ली मार्ल मॅजिकच्याच शोवर होता ना?

टेपवेडा: हो, रेकॉर्ड तो फिरवायचा. १९८४ ला यूटीएफओ हा रॅप ग्रुप कबूल केलेल्या शोला आलाच नाही, मॅजिक आणि मार्ली भडकले, तेवढ्यात न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्सब्रिजची १४ वर्षांची पोरगी म्हणाली मी देते त्यांना रॅपमधून उत्तर. ती रॉक्सॅन शांते. यातूनच पुढे ज्यूस क्रू हा रॅपवाल्यांचा गट उभा राहिला, आणि ज्यूस हे पण मॅजिकच्याच टोपणनावातलं.

खडूस_काका: मला विचाराल तर डीजे म्हणून रेड अ‍ॅलर्ट सरस. तो १९८३ पासून किस एफएम या दुसऱ्या स्टेशनवर, मॅजिकशी समोरासमोर टक्कर. ब्रॉंक्सच्या बूगी डाउन प्रॉडक्शन्स या रॅप ग्रुपला मॅजिकने उडवून लावलं म्हणतात, रेड अ‍ॅलर्टने मात्र त्यांचं 'साउथ ब्रॉंक्स' दणकून वाजवलं, मग ब्रॉंक्स विरुद्ध क्वीन्सब्रिज असं न्यूयॉर्कच्या दोन भागांत जे पेटलं ते पेटलंच.

टेपवेडा: काका, मिक्सिंगमधे मान्य, पण दार आधी मॅजिकने उघडलं. रॅपर बिगीने १९९४ ला जुन्या दिवसांचं गाणं केलं त्यात शनिवारचा रॅप अटॅक आहे, मॅजिक आणि मार्लीच्या नावासकट. मॅजिक २००९ ला हार्ट अटॅकने गेला बिचारा.

गचाळ_गेमर: जुने शो कुठे मिळतील?

खडूस_काका: यूट्यूबवर शोध, लोकांनी तेव्हा घरी टेप केलेले आहेत. खरखर आहे बरीच, पण जाहिरातींसकट आहेत, त्या ढकलू नकोस 😄