मदत हवी आहे: धान्याचं इंधन आणि महागाई, ३ टक्के की ७५ टक्के?

मंडळी, वादविवादासाठी टिपण काढतोय. विषय, अन्नपिकांच्या जागी इंधनपिकं घेतल्याचे आर्थिक परिणाम. जमीन तेवढीच, धान्य कमी, भाव चढे, संपला विषय असं वाटलं होतं. तीन दिवस आकड्यांतच रुतलोय.

मुख्य घोळ २००७-०८ च्या भाववाढीचा. २००८ मध्ये अमेरिकी सरकारच्या आर्थिक सल्लागारांच्या मते जगातल्या अन्नाच्या भाववाढीत मक्याच्या इथेनॉलचा वाटा जेमतेम ३ टक्के. त्याच वर्षी जागतिक बँकेतले डोनाल्ड मिचेल मात्र ७० ते ७५ टक्के म्हणतात! नीट वाचल्यावर दिसलं की त्यांनी महागडं इंधन-खत आणि घसरलेला डॉलर बाजूला काढला आणि उरलेलं सगळं जैवइंधनाच्या खात्यावर टाकलं; घटलेले साठे, सट्टा, निर्यातबंदी, सगळं त्यातच. म्हणजे दोघे एकच गोष्ट मोजतच नाहीयेत, असं मी म्हटलं तर चुकेल का?

दुसरं, चोथ्याचं काय करायचं? २५ किलो मक्यातून साधारण १० लिटर इथेनॉल निघतं आणि ७-८ किलो चोथा पशुखाद्यात जातो. 'एवढा मका जाळला' म्हणताना तो वजा धरायचा ना? सभेत कोणीतरी नक्की पकडणार.

आणि खरं तर मला जास्त खुपतंय ते हे: भाव वाढले की जमिनीचा खंडही (भाडं) वाढतो. मग कसणाऱ्याच्या हाती काय उरतं? शिवाय गरीब देशांतले बरेच छोटे शेतकरी विकतात त्यापेक्षा जास्त धान्य विकत घेतात. 'शेतकऱ्याचा फायदा' म्हणताना नेमका कुठला शेतकरी?

शेवटचं. २०१२ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या काही राज्यांनी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती तात्पुरती उठवा अशी मागणी केली. पर्यावरण खात्याने नाकारली, कारण उठवूनही मक्याच्या भावात फारसा फरक पडणार नाही. हे पटतं का कोणाला?

प्रतिसाद: चोथा वजा धराच, वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा परत येतो. २०१२ चं म्हणाल तर पटतं. रिफायनऱ्या तोवर पेट्रोलचं ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) वाढवायला इथेनॉलवरच बेतलेल्या होत्या, सक्ती वर्षभर उठली म्हणून त्या लगेच दुसरं काही घालणार नव्हत्या. पण म्हणून सक्तीचा भावावर परिणामच नाही असं लिहू नका. २०२२ च्या एका अभ्यासात तिच्यामुळे मक्याचे भाव ३० टक्क्यांनी चढल्याचं दिसलं. तो अनेक वर्षांचा हिशेब आहे.

धागाकर्ता: आभार! म्हणजे कायद्याने मागणी उभी केली आणि नंतर रिफायनऱ्यांच्या यंत्रणेनेच ती धरून ठेवली. टिपणात हे घेतो. खंडाचं कोणी सांगेल का? तिथे अजून अडकलोय.