सल्ला हवा: फौजी दादासाठी माइंडफुलनेस (पीटीएसडी + डोक्याला मार), बजेट २००० च्या आत

धाकटा_सातारकर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालाय. काश्मीरमध्ये असताना आयईडीच्या (पेरलेल्या बॉम्बच्या) स्फोटात गाडी उलटली, काही मिनिटं शुद्ध नव्हती, सीटी नॉर्मल आला म्हणून पुन्हा ड्युटीवर. आता घरी आल्यापासून डोकं दुखतं, ऊन डोळ्यावर आलं की चिडचिड, वरातीचा डीजे नि फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत जाऊन बसतो, रात्री दचकून उठतो, दुकानात काय आणायला गेला तेच विसरतो. सीटी नॉर्मल म्हणून भावकीतले म्हणतात नाटकं करतोय. पुण्याच्या डॉक्टरांनी पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) आणि सौम्य ब्रेन इंजुरी (मेंदूला इजा) दोन्ही लिहिलंय, गोळ्या चालू आहेत, जोडीला माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवायचं ध्यान, करा म्हणाले, पण नेमकं काय करायचं ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.
तर अॅप, कोर्स, ऑडिओ काहीही सुचवा. मराठी किंवा हिंदी हवं, इंग्रजी त्याला नको. बजेट एकूण २०००. आणि घर सोडून राहणं जमणार नाही, म्हशी आहेत.

इगतपुरी_रिटर्न
डोळे झाकून धम्मगिरी, इगतपुरीचं विपश्यना केंद्र. विषय संपला. १० दिवस मौन, मोबाईल जमा, पहाटे ४ ला घंटा, दिवसाला दहा-एक तास बैठक, आणि फी शून्य, शेवटी मनात आलं तर दान द्या. गोयंका गुरुजी स्वतः मायग्रेनने हैराण होते, ब्रह्मदेशात शिकले आणि मग इकडे आणलं. माझं बीपी, अॅसिडिटी, साडूशी बोलणं बंद होतं ते, सगळं मार्गी लागलं.

धाकटा_सातारकर
म्हशी आहेत हो.

इगतपुरी_रिटर्न
म्हशी शेजाऱ्याकडे द्या. इच्छा हवी.

गॅजेटगुरू_बाणेर
अॅप-बिप सोडा, मेंदूच्या लहरी मोजणारा हेडबँड घ्या. मन भरकटलं की वाऱ्याचा आवाज वाढतो, शांत झालं की पक्षी बोलतात. मी मागवलाय बाहेरून, पंचवीसेक हजार गेले पण रोज ग्राफ दिसतो राव. सोबत नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्याच.

धाकटा_सातारकर
दोन हजार लिहिलंय वर.

गॅजेटगुरू_बाणेर
ईएमआय असतो. तब्येतीपुढे पैसा काय.

योगिनी_डोंबिवली
माइंडफुलनेस वगैरे सगळं आपलंच आहे, परदेशी लोकांनी नाव बदलून आपल्यालाच विकलंय. सकाळी उपाशीपोटी कपालभाती आणि भस्त्रिका, जोरात, महिन्याभरात फरक. माझ्या मिस्टरांचा पाठीचा मणका बरा झाला.

टेक्सासवहिनी
मूळची कऱ्हाडची, इथे अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणारी) आहे. योगिनीताई, राग मानू नका, पण डोक्याला मार लागलेल्या आणि ज्याचं डोकं आधीच ठणकतंय अशा माणसाला डॉक्टरांना न विचारता जोरजोरात श्वास ओढायला लावू नका. चक्कर येते, डोकेदुखी वाढते, आणि धाप लागली की पीटीएसडीवाल्याच्या शरीराला वाटतं आता हल्ला झालाच.
भाऊ, तुमच्या दादाच्या बाबतीत दोन भानगडी एकात एक अडकल्यात. झोप नसणं, चिडचिड, विसरणं हे दोन्हींमुळे होतं, त्यामुळे कुठलं कशाचं ते घरच्यांना कळत नाही. आणि सौम्य इजेत सीटी नॉर्मल येणं हेच नेहमीचं, तेव्हा भावकीला सांगा गप्प बसा. माइंडफुलनेसचा ज्याच्यावर अभ्यास झालेत तो कोर्स म्हणजे जॉन कबाट-झिन यांनी १९७९ ला मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला, ८ आठवडे, आठवड्याला अडीच तास, वर घरी रोज पाऊण तास आणि मध्ये एक अख्खा दिवस. डोकं लवकर थकणाऱ्या माणसाला हे जसंच्या तसं झेपत नाही. आम्ही त्याचे तुकडे करतो. ३ ते ५ मिनिटं, डोळे उघडे, नजर खाली, पाठ भिंतीला आणि दरवाजा समोर दिसेल असं बसायचं. लक्ष श्वासावर ठेवलं की काहींना छातीत धडधड जाणवून घाबरायला होतं, मग तळपाय जमिनीला कुठे टेकलेत तिथे ठेवायचं, नाहीतर हातातल्या वस्तूवर. रोज नवीन काही नको, तेच ऑडिओ, त्याच वेळी, कारण नवीन सूचना लक्षात ठेवण्यातच शीण येतो. डोकं दुखायला लागलं की थांबायचं, रेटायचं नाही. जुनं काही आठवायला लागलं तर डोळे खोलीभर फिरवायचे, दिसतील त्या वस्तूंची नावं घ्यायची, उठून चालायचं. बसण्यापेक्षा चालणं जमत असेल तर चालणं.

इगतपुरी_रिटर्न
म्हणजे विपश्यनेला विरोध आहे तुमचा?

टेक्सासवहिनी
नाही हो. पण झोप न लागणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच दिवसभर डोळे मिटून स्वतःच्या डोक्यात एकटं सोडणं मला पटत नाही. केंद्राच्या फॉर्मवरच मानसिक आजार आणि चालू गोळ्या विचारतात ना, ते उगाच नाही. आणि मनाने गोळ्या बंद करून जाऊ नका, हे सांगायलाच हवं.

चिपळूणचा_शंकासुर
सगळे छातीठोक बोलतायत म्हणून थोडं थंड पाणी. अमेरिकेत मिनियापोलिसला ११६ माजी सैनिकांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये छापून आली, अर्ध्यांना माइंडफुलनेस, अर्ध्यांना सध्याच्या अडचणींवर बोलायची गट-थेरपी. संपल्यावर २ महिन्यांनी त्यांनी स्वतःच सांगितलेल्या त्रासात बऱ्यापैकी घट पहिल्या गटात ४९ टक्के लोकांना, दुसऱ्यात २८. वाईट नाही. पण पीटीएसडीचं निदानच निघून गेलं अशांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. तिकडच्या सरकारी मार्गदर्शिकेत (२०२३) सुद्धा पहिला मान आघाताबद्दल नेमकं बोलून घेणाऱ्या थेरपीला आणि ईएमडीआरला (डोळे इकडून तिकडे हलवत आठवणींवर काम करायची थेरपी) आहे, ध्यानाची शिफारस आहे पण हलक्या हाताने. तेव्हा हेडबँड घेण्याआधी दादाला थेरपी मिळतेय का ते बघा. नुसत्या गोळ्या आणि ध्यान म्हणजे भाकरी नाही, नुसताच ठेचा.

गॅजेटगुरू_बाणेर
अभ्यास काय कुणीही करतं, माझा ग्राफ बघा आधी.

सुभेदार_निवृत्त
जय हिंद. बेटा, दादाचं ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे ना? पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराचं रेफरल घे, फुकट आहे, फक्त लाईनीत उभं राहायची तयारी ठेव. दुसरं, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, एक पैसा नाही. आपल्या फौजेसाठी पुण्यात एएफएमसीमध्ये (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) डिसेंबर २०२३ ला त्याचा वेगळा सेल पण उघडलाय. तिसरं, स्फोटाचा इंजुरी रिपोर्ट झाला होता का? डिसॅबिलिटी पेन्शनला तोच कागद लागतो. माझ्या वेळी एका कार्यालयात फाईल इतकी फिरवली की

पेन्शनर_कोल्हापूर
साहेब ओआरओपीचं (वन रँक वन पेन्शन) पण बोला, माझा एरियर अजून अडकलाय.

सुभेदार_निवृत्त
त्याचा वेगळा धागा काढा.

पेन्शनर_कोल्हापूर
काढला होता, कुणी उत्तर देत नाही.

नाईटशिफ्ट_नाशिक
पलूस माइंडफुलनेस म्हणून ८ आठवड्यांचा पूर्ण कोर्स ऑनलाइन फुकट आहे, व्हिडिओ, वाचायला, सगळं. मी केलाय, मस्त आहे.

किर्लोस्करवाडीचा_पाहुणा
आमच्या पलूसमध्ये?? कुठे, स्टँडजवळ का?

नाईटशिफ्ट_नाशिक
नाही भाऊ, अमेरिकेतला पलूस. वॉशिंग्टन राज्याच्या कडेला असा भाग आहे. इंग्रजीत आहे, हे आता लक्षात आलं.

किर्लोस्करवाडीचा_पाहुणा
द्राक्षं पिकतात का तिथे?

टेक्सासवहिनी
गहू. आणि हो, इथल्या व्हीएचं (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं) माइंडफुलनेस कोच नावाचं अॅप फुकट आहे पण तेही मराठी-हिंदीत नाही. तुम्हाला इंग्रजी समजत असेल तर तुम्ही ऐका आणि दादाला तुमच्या शब्दांत सांगा.

धाकटा_सातारकर
सगळ्यांचे आभार. काल एक हिंदी फुकट अॅप लावून बघितलं, बाई छान बोलत होती, दादा खुर्चीत बसला होता, खांदे पण जरा खाली आले होते. शेवटी अॅपने न सांगता टण्णकन घंटा दिली. दादा एका झटक्यात उभा, पाठ भिंतीला, डोळे दाराकडे, वहिनी पोह्यांची ताटली घेऊन उंबऱ्यातच थांबली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. कानात आधीच शिट्टी वाजते त्याच्या.

टेक्सासवहिनी
शेवटची घंटा सेटिंगमध्ये बंद करता येते का बघा, बहुतेक ठिकाणी येते. नाही आली तर अॅप उडवा. कानाच्या शिट्टीचं ईएनटीला दाखवा, स्फोटानंतर कॉमन आहे.

इगतपुरी_रिटर्न
आमच्याकडे घंटा मधुर असते.

सुभेदार_निवृत्त
बेटा, मी माझ्या आवाजात पाच मिनिटांचं रेकॉर्ड करून पाठवतो. फौजीला फौजीचा आवाज लागतो.

गॅजेटगुरू_बाणेर
म्हणून म्हटलं हेडबँड, त्यात घंटाच नाही, पक्षी आहेत.

धाकटा_सातारकर
अपडेट देतो. दादाला अख्खा धागा वाचून दाखवला. पलूसवर हसला. सुभेदारसाहेब, तुमचा आवाज नको म्हणाला, "रिटायर झालोय, आता कुणाची ऑर्डर नको." इगतपुरी नाही, अॅप नाही, ऑडिओ नाही. म्हणतो संध्याकाळची धार मीच काढणार, तेवढा वेळ कुणी गोठ्यात यायचं नाही, तळपाय आणि हात, बास. म्हैस पण अशी आहे की काढणारा जरा तणतणला की पान्हा चोरते, तेव्हा तपासायला वेगळं मशीन नको. बसून करा असं जे तुमच्यातले बरेच जण म्हणालात ते त्याला मान्य नाही. थेरपीचं मात्र शंकासुर म्हणाले ते पटलंय, वहिनीने १४४१६ ला फोन करून माहिती घेतली, ईसीएचएसच्या रेफरलला सोमवारी जातोय. आणि दोन हजारातून त्याने स्वतःच मोठ्या काठाची टोपी आणि गॉगल घेतला, उन्हाचा त्रास कमी होतोय म्हणतो.

योगिनी_डोंबिवली
धार काढायच्या आधी पाच मिनिटं कपालभाती केली तर?

गॅजेटगुरू_बाणेर
गॉगल कुठला घेतला? पोलराइज्ड घ्यायला पाहिजे होता. माझा आहे, अकरा हजारांचा.