'पॅटन'च्या दोन डिस्क: पुन्हा काढलेला जुना युद्धपट कशावरून तोलायचा?

जुळे सोलापूरकर

गेल्या रविवारी चुलतभावाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर 'पॅटन' लावला. आधी 2008 ची ब्लू-रे, मग चहा घेऊन 2012 ची, नव्याने काढलेली. सिनेमा अर्थातच तोच. 1970 चा, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल पॅटनवरचा, फ्रँकलिन शाफनरने दिग्दर्शित केलेला, सात ऑस्कर मिळवलेला. पॅटन झालेल्या जॉर्ज सी. स्कॉटने स्वतःला मिळालेलं ऑस्कर नाकारलं, तोच हा सिनेमा. दोन्ही वेळा अख्खा पाहिला नाही, कारण लांबी जवळपास तीन तासांची आहे. सुरुवातीचं भाषण, इस्पितळात सैनिकाला थप्पड मारण्याचा प्रसंग आणि हिवाळ्यातली कूच, एवढंच आलटून पालटून बघितलं.

माझं मत सरळ सांगतो. 2008 ची डिस्क कुणी फुकट दिली तरी त्यावरून या सिनेमाबद्दल मत बनवू नका.

ती निघाली तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी डोक्यावर घेतली होती. पुण्यात शिकत असताना मीही ती मोठ्या हौसेने घेतली. स्वच्छ, लखलखीत, एक ठिपका नाही. मग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची निगेटिव्ह वाचवणाऱ्या रॉबर्ट हॅरिस यांच्यासारख्या जाणकारांनी तिच्यावर टीका केली, आणि मला खटकत होतं पण बोट ठेवता येत नव्हतं ते काय, हे तेव्हा कळलं. भाषणाचा प्रसंग आठवा. प्रचंड मोठा झेंडा, त्यापुढे छोटासा माणूस. मग कॅमेरा जवळ जातो. सलाम ठोकणारा हात, छातीवरची पदकं, अंगठी, पिस्तुलाची मूठ, हेल्मेटखालचे डोळे. एका माणसाचा सगळा गर्व तुम्हाला त्या तपशिलांतून दिसायचा असतो. 2008 च्या डिस्कवर तो चेहरा मेणाचा आहे. गालावर छिद्रं नाहीत, सुरकुत्या अर्धवट पुसलेल्या, लोकरी डगल्याचं कापड रबरासारखं.

असं होण्याचं कारण म्हणजे ग्रेन काढून टाकण्याचं सॉफ्टवेअर. फिल्मवरचं चित्र सूक्ष्म कणांनी बनतं, हे कण म्हणजेच ग्रेन, आणि ते दर फ्रेमला वेगळ्या जागी असतात. सॉफ्टवेअर मागची-पुढची फ्रेम ताडून बघतं आणि जे बारीक बारीक बदलतंय ते कचरा समजून पुसतं. पण दाढीचे खुंट, त्वचा, आफ्रिकेतली वाळू हेसुद्धा तेवढंच बारीक असतं. ग्रेनबरोबर तेही जातं. आणि हे सगळं कुठल्या सिनेमावर, तर 65 मिमी निगेटिव्हवर चित्रित केलेल्या! डायमेन्शन-150 पद्धतीची ती निगेटिव्ह नेहमीच्या 35 मिमीपेक्षा दुपटीहून मोठी. तिथे ग्रेन मुळातच नाजूक. काढायची गरजच नव्हती.

2012 च्या डिस्कवर तो नाजूक ग्रेन परत आला आणि त्याच्याबरोबर स्कॉटचा चेहराही परत आला.

रेल्वे लाईन्स

जुळे सोलापूरकर दादा, मला 2008 चीच आवडते आणि मी ती बदलणार नाही.

तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे. माझ्याकडे 43 इंची टीव्ही आहे आणि समोर बसणारे माझे 74 वर्षांचे बाबा. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मित्राकडून 2012 ची आणून लावली तर पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले, "टीव्हीवर मुंग्या आल्यात बघ, वायर हलव." त्यांना काय सांगू? की बाबा, या मुंग्या मौल्यवान आहेत?

तुम्ही म्हणता चेहरा पुसला. त्यांना तो चेहरा 2008 च्या डिस्कवर ओळखू येतो, डोळ्यांतला राग दिसतो, थप्पड मारल्यावर ते अजूनही दचकतात. सिनेमा अजून काय करतो?

आणि नेहमी जुनं तसंच ठेवणं बरोबर असतं हे मला पटत नाही. पीटर जॅक्सनने 2018 मध्ये पहिल्या महायुद्धाच्या फिती घेऊन माहितीपट केला. रंग भरले, वेग दुरुस्त केला, डाग काढले. शंभर वर्षं तुरुतुरु पळणारी बाहुली वाटणारी ती पोरं पहिल्यांदा माणसं वाटली. मी रडलो होतो. ते चूक होतं का?

जुळे सोलापूरकर

चूक नव्हतं. मलाही तो फार आवडला. पण त्या फिती हाताने हँडल फिरवून घेतलेल्या होत्या, सेकंदाला कुठे 10 फ्रेम, कुठे 18. वेग बिघडला होता तो त्या आजच्या प्रोजेक्टरच्या वेगाने दाखवल्या गेल्या म्हणून, आणि मूळ फिती लंडनच्या युद्ध संग्रहालयात जशाच्या तशा आहेत. जॅक्सनने त्यातून स्वतःची वेगळी कलाकृती केली आणि तसं सांगितलं. 'पॅटन'ला कुणी वेगळी कलाकृती म्हणून विकलं नाही. छायाचित्रकार फ्रेड कोनकॅम्प यांनी जो प्रकाश लावला तो तुम्हाला घरी देतोय, असंच विकलं.

बाबांचं मात्र मी ऐकून घेतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

केबिनवाला

बाबांसाठी आधी एक करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन शार्पनेस शून्याच्या जवळ आणा, चित्र गुळगुळीत पळवणारी सोय बंद करा आणि मूव्ही मोड लावा. शार्पनेस वाढवला की टीव्ही प्रत्येक कणाला कडा काढतो, म्हणून मुंग्या. अर्धा दोष डिस्कचा नाही, टीव्हीचा आहे.

आता जुळे सोलापूरकर, तुमच्याशी भांडायचंय. मी 26 वर्षं सोलापुरात टॉकीजच्या केबिनमध्ये काढली. कार्बन जाळून दिवा लावण्याच्या काळापासून. इंग्रजी युद्धपट आपल्याकडे यायचे ते मुंबई-पुणे फिरून, चावून चोथा होऊन. रिळाच्या तोंडाला आणि शेवटाला ओरखड्यांचा पाऊस पडायचा, मध्येच जोड सुटायचा, पब्लिक शिट्ट्या मारायचं. 70 मिमीची मोठी प्रिंट आणि सहा ट्रॅकचा आवाज कुठला, आपल्या पडद्यावर 35 मिमीचीच प्रिंट. आणि ती प्रिंट म्हणजे निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून परत निगेटिव्ह, त्यावरून प्रिंट. दर पिढीला थोडा तपशील जातो, थोडा ग्रेन वाढतो.

तुम्ही म्हणता 2012 ची खरी. काय सांगालाव मालक! निगेटिव्हवरून थेट स्कॅन केलेलं एवढं धारदार चित्र 1970 मध्ये आपल्याकडच्या कुठल्याच खुर्चीतून दिसलं नाही. मग "जसं होतं तसं" म्हणजे कुणाला दिसलं तसं? न्यूयॉर्कच्या पहिल्या रांगेला की आपल्या दीड रुपयाच्या स्टॉलला?

जुळे सोलापूरकर

काका, हा प्रश्न रात्रभर डोक्यात होता.

मला वाटतं माप प्रेक्षकाच्या खुर्चीत नाही, निगेटिव्हमध्ये आहे. आपल्याकडे आलेली प्रिंट झिजली होती, पण ती कुणी मुद्दाम झिजवली नव्हती. स्टॉलमधल्या माणसाला दिसलं तेही त्या निगेटिव्हचंच नातवंड होतं, अंगावर ओरखडे असलेलं. 2008 मध्ये जे झालं ते ओरखडे नव्हेत. चित्र हातात असताना कुणीतरी बसून ठरवलं की लोकांना फ्लॅट टीव्हीवर ग्रेन आवडत नाही, म्हणून चित्रच बदलू.

केबिनवाला

हे मान्य. पण मग "खरी" म्हणू नका, "जवळची" म्हणा. आणि आवाजाबद्दल एक शब्द लिहिला नाही तुम्ही. जेरी गोल्डस्मिथची ती तुतारी, प्रतिध्वनी देत देत विरत जाणारी, टेपच्या वेटोळ्यावरून घुमवलेली! पॅटनला वाटतं की आपण मागच्या जन्मीही लढलोय, आणि ते सांगते ती तुतारी. डिस्क तोलताना डोळे मिटूनही बसावं माणसाने.

चाटी गल्ली

मी टॉवेलच्या धंद्यातला, सिनेमातलं फार कळत नाही. पण वाचताना राहवलं नाही.

आपला सोलापुरी टॉवेल पाणी शोषतो तो अंगावरच्या धाग्यांच्या बारीक फेऱ्यांमुळे. ते फेरे वरून कापले की टॉवेल मखमलीसारखा होतो. हात फिरवला की गिऱ्हाईक खूश, रंग उठून दिसतो, छपाई सुंदर येते. पाणी मात्र कमी टिपतो. तरी असा टॉवेल विकला जातो, मीही विकतो आणि त्यात काही पाप नाही. ज्याला हवा तो घेतो. पाप कधी? कापलेला टॉवेल न कापलेला म्हणून दिला तर.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. रेल्वे लाईन्सच्या बाबांसाठी गुळगुळीत डिस्क खुशाल निघावी. फक्त डब्यावर छापा की ग्रेन काढलाय. आम्हाला टॉवेलवर सूत कोणतं ते लिहावं लागतं. सिनेमाच्या डब्यावर लांबी आणि भाषा असते, पण चित्रावर काय काय केलं हे कुठेच नसतं. मग चार वर्षांनी तीच कंपनी "नव्याने दुरुस्त" म्हणून परत पैसे घेते. ज्याने पहिली घेतली त्याचं काय?

रेल्वे लाईन्स

चाटी गल्ली, हे अगदी मनातलं बोललात. 'मुघल-ए-आझम' 2004 ला रंगीत आला तेव्हा सगळ्यांना माहीत होतं की रंग नंतर भरलेत. बघायचा तो बघा, नाही तर जुना आहेच. बाबा तेव्हा आम्हा सगळ्यांना घेऊन गेले होते.

जुळे सोलापूरकर

तिथे आणखी एक गोष्ट होती. के. आसिफ यांना सिनेमा रंगीतच करायचा होता, थोडा भाग त्यांनी रंगीत चित्रित केलाही होता. 'पॅटन'च्या कुणाला गुळगुळीत चेहरा हवा होता असं मी कुठे वाचलेलं नाही.

डब्यावर छापण्याचं मात्र शंभर टक्के मान्य.

शाळेतली बाई

तुम्हा सगळ्यांचं वाचतेय आणि आतून अस्वस्थ होतेय.

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. रोज आपण तिथून जातो. 1910 ला सोलापुरात जन्मलेला मुलगा 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला, जपानशी युद्ध चालू असताना आघाडीवरच्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि 1942 च्या डिसेंबरात 32 व्या वर्षी तिथेच गेला. त्याच्यावर व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये सिनेमा काढला, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. कोटणीस स्वतः शांताराम, त्यांची चिनी पत्नी जयश्री, संगीत वसंत देसाईंचं. तोही युद्धपटच आहे. आपल्या गावचा.

माझ्याकडे त्याची एक जुनी व्हीसीडी आहे. नववीच्या मुलींना दाखवली. व्हीसीडीचं चित्र किती, तर 352 बाय 288 ठिपके. काळोखाच्या प्रसंगात डॉक्टर कोण आणि रुग्ण कोण कळत नव्हतं. आवाजात एवढी खरखर की संवाद मी फळ्यावर लिहून दिले. एका मुलीने विचारलं, "बाई, हे खरे असे काळे होते का?"

मला ग्रेन नको की हवा, हे ठरवायची चैनच नाही. उद्या कुणी हा सिनेमा मेणाच्या चेहऱ्याने का होईना, पण स्वच्छ करून दिला तर मी हात जोडून घेईन. माझ्या मुलींना चेहरा दिसू दे. तुमची अमेरिकन जनरलची सुरकुती नंतर बघू.

केबिनवाला

बाईंपुढे बोलायला जीभ जड होते. त्या काळातली रिळं नायट्रेटची. ठेवली तरी सडतात, नाही तर पेटतात. 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली तेव्हा राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळं गेली. बातमी वाचून त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

जुळे सोलापूरकर

बाई, तुमचं वाचून दोनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं.

मुलींना आज चेहरा दिसायला हवा, हे खरं. तरीही मी माझं म्हणणं सोडत नाही, उलट तुमच्यामुळे ते पक्कं झालं. 'पॅटन'ला दुसरी संधी मिळाली. डिस्क चुकली, लोक ओरडले, मागे बाजार होता, चार वर्षांत दुसरी निघाली. कोटणीसांच्या सिनेमाला अशी दुसरी संधी कोण देणार? ज्या दिवशी कुणी त्यावर पैसे खर्च करेल तो बहुधा एकदाच करेल. त्या एका वेळी चेहरे पुसले गेले तर "झालं की काम" म्हणून फाईल बंद होईल आणि रीळ तोवर सडलेलं असेल. ज्याला एकच संधी आहे त्याचं काम जास्त जपून व्हायला हवं. निगेटिव्ह असेल ती जशीच्या तशी स्कॅन करून ठेवा. मग त्यावरून मुलींसाठी हवी तेवढी स्वच्छ प्रत काढा, माझी काही तक्रार नाही. मूळ स्कॅनला मात्र हात लावू नका.

शाळेतली बाई

क्रम तुम्ही नीट सांगितलात. पण "एकदाच होईल म्हणून जपून" म्हणता म्हणता वर्षं जातात, हेही मी पाहिलंय. आत्ता नववीत असलेली मुलगी पुढच्या वर्षी दहावीत आणि मग शाळेबाहेर. तिला मी काय दाखवू?

रेल्वे लाईन्स

केबिनवाले काका, सेटिंग बदललं. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. बाबांना काल परत 2012 ची लावली. भाषण झाल्यावर म्हणाले, मागचीच बरी होती. हिवाळ्यातल्या प्रसंगाला मात्र पुढे सरकून बसले आणि म्हणाले, आता थंडी वाजते. डिस्क मी अजून परत केलेली नाही.

केबिनवाला

बाई, माझ्याकडे आठ फुटी पडदा आहे आणि पुतण्याचा प्रोजेक्टर. व्हीसीडी त्यावर अजूनच फुटेल, म्हणून चित्र लहानच ठेवू, खोली पूर्ण काळी करू आणि आवाजाची खरखर मिक्सरवर जेवढी दाबता येईल तेवढी दाबतो. संवाद फळ्यावर लिहावे लागणार नाहीत एवढं बघतो.

शाळेतली बाई

शनिवारी सकाळची शाळा असते. 11 नंतर वरचा हॉल मोकळा. खिडक्यांना लावायला चादरी लागतील.

चाटी गल्ली

चादरी माझ्याकडून. किती खिडक्या ते कळवा.